बावीसची गाडी

महादेवरावांनी दोन्ही हात गाडीच्या डिकीवर टेकवले आणि गाडी हलवायला लागले. खाली-वर, खाली-वर. टाकीच्या तोंडाशी आलेला डिझेलचा फेस गुडगुडला आणि थोडा खाली बसला.

"टाक अजून," ते म्हणाले.

पंपावरची बाई नोझल हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. उन्हासाठी तिनं डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळली होती. डोळे तेवढे दिसत होते आणि ते हसत होते.

"काकाजी, बोरीचं झाड हाय काय हे? हलवून रायले ते."

"हवा राह्यते आतमंधी. तू टाक, बाई."

"दोनदा बंद झालं न मशीन. आता बाहेर वाहीन."

"गळ्यापर्यंत पाह्यजे. कंपनीची टेस्ट हाय."

गाडीच्या पलीकडे वर्कशॉपचा मेकॅनिक हसनैन उभा होता. तिशीचा पोरगा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळ्यांखाली काळं. त्यानं मीटरवरचे किलोमीटर मोबाइलवर टिपून घेतले आणि म्हणाला, "टाक, ताई. आज काकाजीचा दिवस हाय."

अकोल्याच्या बायपासवरच्या या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, अमरावतीच्या रस्त्यानं लोणीच्या फाट्यापर्यंत जायचं, तिथून वळून याच पंपावर, याच मशीनवर यायचं आणि टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं मावेल तेवढं गाडीनं खाल्लं. यात भांडायला कुणाला जागा नाही. ही टेस्ट महादेवरावांनीच मागून घेतली होती.

भांडण वर्षभराचं होतं. मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं या डिझेल गाड्या परत बोलावल्या. धुराचा काही नियम बदलला होता आणि गाड्या त्यात बसत नव्हत्या. वर्कशॉपच्या लोकांनी इंजिनाला वायर जोडली, आतला प्रोग्राम बदलला, पैसे घेतले नाहीत, वर गाडी धुऊन पुसून दिली. महादेवराव ती घेऊन अमरावतीला आले आणि तेव्हापासून लिटरला बावीस किलोमीटर देणारी गाडी सोळा द्यायला लागली. आधी वाटलं, डिझेल खराब असेल. पंप बदलला. टायरची हवा पाहिली. फिल्टर बदलला. सोळा ते सोळाच. तेव्हापासून ते दर महिन्याला अकोल्याला यायचे, मॅनेजरच्या केबिनमध्ये बसायचे आणि तेच बोलायचे. वर्कशॉपात त्यांना 'अ‍ॅव्हरेजवाले काकाजी' म्हणतात हे त्यांना माहीत होतं.

आज सकाळी मॅनेजर शेखरनं त्यांच्यापुढे चहा ठेवला होता.

"महादेवराव, रिकॉलनंतर अ‍ॅव्हरेज एखाद्यानं कमी झालं, ते मी नाकारत नाही. सगळ्यांचीच ती ओरड आहे. पण सहानं? जिल्ह्यात एकाही गाडीचं नाही झालं."

"तेच तर मी विचारून रायलो. एक तुमचा. बाकीचे पाच कुठं गेले?"

"आता काय सांगू तुम्हाला?"

"मले पैसे नाई पाह्यजे तुमचे. माही गाडी जशी होती तशी करून द्या. जुना प्रोग्राम टाका. बस."

शेखरनं पेन टेबलावर आपटत थोडा विचार केला होता.

"टेस्टमध्ये सोळा आली, तर मी स्वतः कंपनीला लिहितो, जुना प्रोग्राम मागतो. वीसच्या वर गेली, तर तुम्ही ही तक्रार आजच्या आज बंद करायची. कबूल?"

"कबूल," महादेवराव म्हणाले होते आणि चहा तसाच ठेवून उठले होते.

पुण्याहून नितेशचा फोन आला की तोही एकच बोलायचा. बाबा, विकून टाका न ती. एकट्या माणसाला एवढी गाडी कशाला? महादेवराव म्हणायचे, पहिले बरी होऊ दे, मग पाहू. घरातलं माणूस दवाखान्यात असावं तसं ते गाडीबद्दल बोलायचे.

डिझेल गळ्याला लागलं. बाईनं झाकण लावलं. हसनैननं डावीकडचं दार उघडलं, तर सीटवर कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि टॉवेल. महादेवरावांनी आत वाकून ते सगळं उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. त्या जागेवर वर्षभरात कुणी बसलं नव्हतं.

हसनैन बसला आणि जवळजवळ आडवाच झाला. सीटची पाठ बरीच मागं झुकलेली होती.

"सरळ करून घेतो, काकाजी." तो हात खाली घालून खटका शोधायला लागला.

"राहू दे."

हसनैनचा हात थांबला.

"जाम हाय तो खटका," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी चावी फिरवली.

सीटचे खटके कधी जाम होतात आणि कधी होत नाहीत, हे हसनैनला चांगलं माहीत होतं. त्यानं हात काढून घेतला आणि तसाच टेकला.

"साहेबानं सांगतलं, रोज चालवता तशीच चालवा. एसी लावत असान तं लावा."

"लावतो न."

गाडी बायपासला लागली तशी महादेवरावांनी पाय दाबला. दोन ट्रक मागं टाकले, एक एसटी मागं टाकली. काटा शंभराच्या पुढं गेला. एसीचा वारा सूं सूं करत होता. बाहेर मार्चचं ऊन पडलं होतं, हरभरा निघालेल्या वावरांत ढेकळं उघडी पडली होती आणि बांधावर कुठं कुठं पळस फुलला होता. पण त्या वेगात पळस दिसे-दिसेपर्यंत मागं जायचा.

"जोरात घेता तुमी," हसनैन म्हणाला.

"रस्ता कसा झाला पाह्य न. पहिले अकोल्याले यायचं म्हणजे हाडं खिळखिळी व्हायची. लोकं म्हणतात, आता तं अ‍ॅव्हरेज वाढाले पाह्यजे. अन् माहं घटलं."

"हे बी खरं हाय."

महादेवरावांनी पाण्यासाठी डावा हात मागं नेला, बाटली हाताला लागली आणि मग त्यांना आठवलं. त्यांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

"रोजा असन न तुहा?"

"हो जी. पण तुमी प्या न पाणी. आमाले सवय हाय."

"नाई. तहान नाई मले."

मग हसनैनच बोलायला लागला, बहुतेक झोप येऊ नये म्हणून.

"रोज्याचं काई नाई, काकाजी. झोपेचं वांधं हाय. रात्री तरावीहची नमाज, मंग पाहाटे सहेरीचं खायाले उठा लागते. मधात दोन घंटे भेटतात, तं पोरीले दात येऊन रायले. उज्मा. तिची अम्मी म्हणते, आता तुमी घ्या. मी घेतो, तं अजूनच जोरात रडते."

"आमच्या नितेशच्या टायमाले मी दुकानात जाऊन झोपत होतो. भातकुलीले बियाण्याचं दुकान होतं आमचं. सरकीच्या पोत्यावर."

"अन् काकीजी?"

"ती काहाची झोपते? सकाळी भाकर घेऊन यायची अन् पोरगं माह्या पोटावर ठेवून द्यायची. म्हणे, आता झोपा."

हसनैन हसला. हसता हसता त्यानं जांभई दाबली.

"आमच्या इकडंबी तेच... परवा तं मी गाडीच्या खाली... जॅक लावला अन् तिथंच..."

वाक्य तिथंच राहिलं. महादेवरावांनी वळून पाहिलं. हसनैनचे डोळे मिटले होते. हनुवटी छातीवर आली होती, मग हळूहळू मान डावीकडे कलली आणि डोकं खिडकीच्या काचेला टेकलं.

पुढं पुलाचा जोड होता. गाडी त्यावरून गेली आणि काचेवर टक् असा आवाज झाला. हसनैननं झोपेतच तोंड वाकडं केलं.

महादेवरावांचा पाय उचलला गेला.

काटा खाली आला. ऐंशी, सत्तर, साठ. मागं टाकलेली एसटी भोंगा वाजवत पुढं निघून गेली. तिच्या मागून एक ट्रकही गेला. एसीचा वारा थेट हसनैनच्या तोंडावर येत होता, त्यानं दोन्ही हात काखेत घातले होते. महादेवरावांनी एसी बंद केला. मागची खिडकी दोन बोटं खाली केली, पुढची नाही. पुढची केली की वारा कानात शिरतो.

यातलं काहीच त्यांनी ठरवून केलं नाही. पाय आणि हात आपापलं काम करत होते.

जमुना अशीच झोपायची. तिचं माहेर अकोल्याचं. आई म्हातारी झाली तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी चक्कर असायची. निघताना तिच्या सतरा गोष्टी असायच्या. गॅस बंद केला का, मागचं दार लावलं का, आईसाठी संत्री घेतली का. मग बडनेऱ्याचा पूल उतरला की बोलणं एकदम बंद व्हायचं. महादेवराव बोलत राहायचे आणि थोड्या वेळानं त्यांच्या ध्यानात यायचं की हुंकार येत नाही. पदर डोक्यावरून घेऊन ती गाढ झोपलेली असायची. घरी तिला झोप नव्हती. कंबर दुखायची, कूस बदलत रात्र जायची. गाडीत मात्र दोन मिनिटं लागायची नाहीत. ती म्हणायची, गाडी चालते न, म्हणजे कोणीतरी जागं हाय. मी काहाले जागू?

एसी तिला चालायचा नाही. डोकं चढायचं. भोंग्यानं ती दचकायची, म्हणून महादेवरावांनी भोंगा सोडला होता. ब्रेक लागला की तिची मान पुढं यायची, म्हणून ब्रेक लावायची वेळच ते येऊ देत नसत. लांबून ट्रक दिसला की पाय काढून घ्यायचे, गाडी आपली वाहत वाहत त्याच्या मागं जाऊन लागायची. आपल्याला गाडी चालवणं शिकवलं ते हिच्या झोपेनं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते याला गाडी चालवणं समजतच नव्हते. बायको झोपली आहे, तिला उठवायचं नाही, एवढंच.

आणि हीच बाई चारचौघांत सांगायची, आमची गाडी बावीस देते. पोराचे मार्क सांगावे तसं. तिच्या भावाच्या गाडीला अठराच पडायचे आणि तो चिडायचा. जावई खोटं बोलते, म्हणायचा. ती म्हणायची, खोटं काहाले बोलतीन? चला आमच्यासंग बसून एकदिवस.

मूर्तिजापूर डाव्या हाताला मागं राहिलं. रस्त्यावर दूरवर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. गाडी जवळ गेली की ते पुढं सरकायचं. संत्र्यांनी भरलेला एक टेम्पो त्यांच्या पुढं चालला होता. महादेवरावांनी त्याला ओव्हरटेक केलं नाही, बराच वेळ त्याच्याच मागं राहिले. मागच्या खिडकीतून संत्र्याचा वास आत आला. शेजारी श्वासाचा आवाज येत होता, एकसारखा, मधूनच बारीकसा घोरण्याचा. महादेवराव तो ऐकत होते. कुठल्या तरी वावरात गव्हाच्या पेंढ्या बांधून उभ्या केल्या होत्या, त्यांच्या सावल्या आता लांब झाल्या होत्या. किती वेळ झाला, कुठं जायचं आहे, हे सगळं उन्हात विरघळून गेल्यासारखं झालं होतं. मागच्या वर्षीचं ऊन की आताचं, याचाही नीट पत्ता लागत नव्हता.

लोणीचा फाटा आला. इथं हसनैनला उठवायचं ठरलं होतं. महादेवरावांनी त्याच्या खांद्याकडे हात नेला आणि परत घेतला. दुभाजकातली फट येईपर्यंत ते डाव्या बाजूनं हळूहळू गेले, दोन्हीकडून रस्ता पूर्ण मोकळा होईपर्यंत थांबले आणि मोठं वळण घेऊन, मान हलणार नाही अशा बेतानं, गाडी परत अकोल्याकडे वळवली.

आता ऊन समोरून आलं. हसनैनच्या मिटलेल्या डोळ्यांवर पडलं. महादेवरावांनी हात लांब करून त्याच्या बाजूची काचेवरची पट्टी खाली ओढली. त्याच्या तोंडावर सावली आली. कपाळाची आठी गेली.

जमुना गेली ती घरातच, दुपारी, पलंगावर. डॉक्टर म्हणाले, हार्ट. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. महादेवराव तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात कंपनीचा मेसेज आला, गाडी आणून द्या. त्यांनी गाडी नेऊन दिली, दोन दिवसांनी परत आणली. तेव्हा पहिल्यांदा ते त्या रस्त्यानं एकटे गेले-आले. तो रस्ता संपता संपत नव्हता. त्यांनी एसी लावला होता आणि पाय दाबला होता, लवकर संपावा म्हणून.

मूर्तिजापूर आता उजवीकडून गेलं. टोलवर गाडी थांबली, दांडी वर गेली, गाडी सुटली. हसनैन उठला नाही. सूर्य अजून वर होता पण पिवळा झाला होता. रस्ता, झाडं, पुढं जाणारी मोटारसायकल, तिच्यावर मागं बसलेल्या बाईचा उडणारा पदर, सगळ्याला तो पिवळा रंग लागला होता. महादेवरावांना कशाचीच घाई नव्हती. छाती मोकळी झाली होती. असं कधीपासून झालं नव्हतं, हेही त्या वेळी त्यांच्या मनात आलं नाही.

बोरगाव मंजूची पाटी दिसली. इथं जमुनाला जाग यायची. स्वतःहून नाही आली, तर उठवावं लागायचं, नाहीतर ती म्हणायची, झोपेचं तोंड घेऊन मायच्या घरात कशी जाऊ?

"ऊठ वं," महादेवराव हलकेच म्हणाले. "बोरगाव आलं."

म्हटल्यावर त्यांचं त्यांना ऐकू आलं. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि नजर रस्त्यावर ठेवली.

हसनैननं डोळे उघडले. थोडा वेळ तो समोरच्या खाली ओढलेल्या पट्टीकडे पाहत राहिला.

"आलं काय, काकाजी?"

"आलं."

तो उठून बसला, मागं पाहिलं, पुढं पाहिलं. पाटी मागं गेली होती.

"हे तं येतानाचं... लोणी?"

"होऊन आलो."

"या अल्ला." त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "तुमी उठवलं काहून नाई मले?"

"झोप आली होती तुले."

हसनैन पुढं काही बोलणार होता. मग त्याचं लक्ष एसीच्या बटनाकडे गेलं, तिथून काट्याकडे आणि तिथून महादेवरावांच्या पायाकडे.

पंपावर तीच बाई होती.

"आले वाटते परत बोरं पाडाले," ती म्हणाली आणि नोझल टाकीत घातलं.

महादेवराव मीटरकडे पाहत उभे राहिले. आकडे फिरले आणि खट् करून मशीन बंद झालं.

"अजून टाक."

तिनं थोडं टाकलं. पुन्हा खट्.

"एवढंच कसं? हवा असन." महादेवरावांनी डिकीवर हात टेकवले आणि गाडी हलवली. मघापेक्षा जोरात. कपाळावर घाम आला. फेस वर आला, गुडगुडला, खाली बसला. बाईनं चूळभर डिझेल सोडलं, ते गळ्याशी येऊन थांबलं. अजून हलवलं. थेंबभर डिझेल बाहेर आलं आणि पांढऱ्या पत्र्यावरून खाली ओघळलं.

"नाई मावत, काकाजी," ती आता हसत नव्हती. "भरली ते."

हसनैननं मोबाइलवर हिशेब केला. पुसला आणि पुन्हा केला.

"एकवीस."

"नीट पाह्य."

"दोनदा पायलं. एकवीस."

महादेवरावांचे हात डिकीवरच होते. गाडी हलायची थांबली तरी ते तसेच वाकून उभे राहिले.

हसनैन जवळ आला, बाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"काकाजी, ही टेस्ट खरी नाई. एसी बंद होता. गाडी तुमी कशी चालवली, मले मीटरवरून समजते. साहेबाले सांगा, परत घेऊ उद्या. असं तुमचं नुकसान होऊन रायलं. मी झोपलो होतो, तेवढं मात्र..." तो थांबला. "सांगा लागलं तं तेही सांगा. चूक माही हाय."

महादेवरावांनी मागच्या सीटवरचा टॉवेल घेतला, आधी पत्र्यावरचं डिझेल पुसलं आणि मग हात पुसले. एक एक बोट पुसलं.

"तुमी रोज अशीच चालवता काय?" हसनैननं विचारलं.

"पहिले अशीच चालवत होतो."

हसनैननं गाडीत पाहिलं. डावीकडच्या सीटची पाठ तशीच मागं झुकलेली होती.

वर्कशॉपात शेखरनं आकडा ऐकला आणि खुर्चीत आरामात मागं टेकला.

"एकवीस! म्हणजे आमचा एकच गेला, महादेवराव. मी काय म्हणत होतो? बाकीच्या पाचांचं काय मग?"

"सापडले."

"सापडले? कुठं?"

"तुमच्याकडे नव्हते," महादेवराव म्हणाले. "कुठं सही करू?"

शेखरची आणखी वादाची तयारी होती, ती वाया गेली. त्यानं कागद पुढं केला.

"हसनैननं टेस्ट नीट घेतली ना? नंतर म्हणू नका, पोरगं फितूर झालं म्हणून."

"त्यानं?" महादेवरावांनी सही करता करता मान वर केली. "डोळ्यात तेल घालून बसला होता तो. पापणी हलवली नाई."

दारात उभा असलेला हसनैन छताकडे पाहायला लागला.

ते निघाले तेव्हा हसनैन फाटकापर्यंत सोबत आला. रोजा सुटायला अजून वेळ होता, पण कुठून तरी भज्यांच्या कढईचा वास यायला लागला होता. त्यानं कागदात बांधलेले चार खजूर खिडकीतून आत दिले.

"वाटेत खा."

"तुह्यासाठी राहू दे न."

"हायेत मले. आज तुमी पाणीबी नाई पेले." मग तो खिडकीवर हात ठेवून थोडा घुटमळला. "काकाजी, सीटचा तो खटका जाम हाय म्हणता, तं पाहून देऊ काय? दोन मिनिटाचं काम."

महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. हसनैनचा चेहरा सरळ होता.

"राहू दे," ते म्हणाले.

"हो. राहू द्या." त्यानं खिडकीवरचा हात काढला. "हळू जा."

गाडी बायपासला लागली. ऊन आता मागं होतं. समोरच्या रस्त्यावर गाडीची सावली लांब पडली होती आणि गाडी तिच्या मागं मागं चालली होती. डावीकडची पट्टी अजून खालीच होती. सामानाची पिशवी मागच्या सीटवर होती, महादेवरावांनी ती पुढं आणली नाही. एक ट्रक पुढं गेला. मग एक एसटी. त्यांनी जाऊ दिलं.

खिशातला फोन वाजला. नितेश असणार, गाडीचं काय झालं म्हणून विचारायला. महादेवरावांनी चटकन बटन दाबून फोनचा आवाज बंद केला आणि डावीकडे एकदा पाहिलं. बडनेऱ्याचा पूल आला की लावू, ते मनाशी म्हणाले.

अकोल्याहून परत येताना जमुना बोरगावपर्यंत जागी असायची. आईचं, भावजयीचं, कुणी काय म्हटलं, सगळं तिथपर्यंत सांगून व्हायचं.

बोरगाव मंजू मागं गेलं. महादेवरावांनी पाय थोडा हलका केला.